माफी मुश्किल

सकाळी दोनच होते, घोट्याजवळ.
मी म्हटलं, घामोळं.
सोहारमध्ये मे महिन्यात कुणाला नसतं?
पावडर थापली, मोजे चढवले,
शेजारच्या रोझम्माच्या दारात तिला सोडलं
आणि बंदराच्या बसमागे पळालो,
हजेरीच्या यंत्रावर वेळेत बोट टेकायला.

संध्याकाळी मोजे काढले
तर पोटरीपर्यंत चढलेले,
लाल, काही जांभळट,
कुणी बॉलपेनचं टोक टेकवत टेकवत गेल्यासारखे.
पोटावर वेगळेच, फिकट गुलाबी.
अंग तापलेलं.
रोझम्मा म्हणाली, आज डोसा तसाच राहिला.
आणि इरावती गप्प.
जिला गप्प बस म्हणून मी रोज दहादा ओरडतो
ती इरावती, गप्प.

तिची आई कराडला, स्वतःच्या आईच्या उशाशी.
फोटो पाठवला तर ठिपके धड दिसेनात,
फोन सगळ्यांचीच कातडी गुळगुळीत करतो.
"काचेचा पेला दाबून बघ," ती म्हणाली.
"दाबल्यावर जातात की राहतात, तेवढं सांग."

काचेचा पेला.
घरात सगळं स्टीलचं.
परक्या मुलखात फुटणारं काही नको,
हे तीच म्हणाली होती, आल्या आल्या.
मग लोणच्याची बाटली ताटलीत उपडी केली,
तीनदा घासली, तरी हिंग काही गेला नाही,
आणि तिचं बूड माझ्या मुलीच्या अंगावर टेकवलं.

पोटावरचे गेले.
पायावरचे नाही.
काचेखाली कातडी पांढरी पडली
आणि ते तसेच, मोठे दिसायला लागले उलट.
"गेले का?" फोनमधून.
"अरे, गेले का?"
मी म्हटलं, "मी निघतो."

खाली नारिंगी पट्ट्यांची टॅक्सी. म्हातारा खमीस.
त्याने आरशात तिचा पाय पाहिला
आणि एसीचं तोंड वर वळवलं.
पुढे एकही सिग्नल मला आठवत नाही.
उतरताना मी खिसे चाचपू लागलो, पाकीट घरीच.
तो म्हणाला, "माफी मुश्किल."
सहा वर्षं ऐकतोय हे, दुकानात, गेटवर, बँकेत.
काही अडचण नाही, एवढाच अर्थ.
त्या रात्री माझ्या कानांनी
ते मराठीत ऐकलं.

डॉक्टर इख्लास सुदानच्या.
त्यांनी बाटली वगैरे काही मागितली नाही,
अंगठ्यांनी कातडी ताणली, पाहिलं,
मान वळवून दाबायला लावली. वळली.
"कधीपासून?"
मी म्हटलं, "संध्याकाळपासून."
सुई शिरली, इरावती किंचाळली,
आणि मी म्हटलं, "नाही. सकाळपासून."
त्यांनी एक शब्द खोडला, दुसरा लिहिला.
माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग नर्सने निळं पेन काढलं
आणि ठिपक्यांच्या घोळक्याभोवती गोल काढले,
पाच गोल, एक घोट्यापाशी.
रेघ ओलांडून गेले तर लगेच हाक मारा, म्हणाली.
इरावतीने नाक ओढलं.
दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलली:
"मला पण पेन."

रात्रभर मी दर तासाला
मोबाइलच्या उजेडात रेघा तपासल्या.
कराडलाही कुणी झोपलं नव्हतं.
"आत आहेत?"
"आत आहेत."
तीनला, चारला, अजान झाली तेव्हा,
एवढंच बोलणं आमचं.
लग्नाला नऊ वर्षं झाली,
इतकं नेमकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

जंतू नव्हते तसले. रक्तातल्या पेशी घसरल्या होत्या.
चौथ्या दिवशी आकडा चढू लागला.

आता घरी. टबात बसवून अंघोळ घालतोय.
ठिपके तपकिरी होत होत विरले.
घोट्याजवळचा निळा गोल मात्र अजून आहे,
आत नुसती कातडी.
घासला तर आत्ता निघेल.
साबणाचा हात
मी त्याला वळसा घालून नेतो.